विषय देता, तर पुस्तकही द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या प्रवेशांची धांदल सुरू झाली की मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस या शब्दांनी पालक आणि मुले गांगरून जातात. विषय कसे निवडावेत यावर व्याख्याने होतात, पत्रके निघतात. पण निवडलेल्या विषयाचे पुस्तक मुलाच्या हातात कधी पडणार, आणि कुठून? राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत आज हा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे आणि तोच विचारायचा राहतो.

आधी मोजमाप पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत एका सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट) असतात. वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास; प्रात्यक्षिक असेल तर ३०. दोन श्रेयांकांचा विषय ३० तासांत आटोपतो आणि बहुतेक ठिकाणी तो ५० गुणांचा असतो. अशा छोट्या विषयांमुळे पहिल्या वर्षाच्या मुलाला एका सत्रात सात-आठ विषय येतात. त्यातही ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुल्या निवडीचे विषय, मेजरच्या (मुख्य विषयाच्या) विद्याशाखेबाहेरचेच घ्यायचे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. हिशेबाच्या विद्यार्थिनीने पर्यावरण किंवा इतिहास वाचावा, यात तिचा फायदाच आहे. पण ज्या महाविद्यालयात फक्त वाणिज्य शाखा आहे, तिथल्या ग्रंथालयात पर्यावरणाचे पुस्तक येणार कुठून?

ते विकत घ्यावे लागते, आणि विकत घेण्याला वेळ लागतो. अभ्यासक्रम संकेतस्थळावर यायला बऱ्याचदा जून-जुलै उजाडतो. मग विभागाकडून मागणी, ग्रंथालय समितीची बैठक, तीन दरपत्रके, आदेश, पुस्तके येणे, बिलाशी ताडून पाहणे, दाखल नोंदवहीत क्रमांक, वर्गीकरण, बारकोड, आणि मग ते पुस्तक फडताळावर. यात कुठेही दिरंगाई झाली नाही तरी अडीच-तीन महिने जातात. सत्र जेमतेम १५ आठवड्यांचे. पुस्तक येते तेव्हा अंतर्गत चाचण्या उरकलेल्या असतात आणि मुले कॉपीच्या दुकानातल्या वीस पानी 'नोट्स'वर भागवत असतात. अभ्यासक्रमाच्या शेवटी दिलेल्या दहा-बारा संदर्भग्रंथांपैकी दोन-तीन छपाईतच नसतात, ही आणखी वेगळी अडचण. यादी करणाऱ्या अभ्यास मंडळाने पुस्तक बाजारात मिळते का, हे एकदा विक्रेत्याला विचारले तरी पुढचा बराच घोळ वाचेल.

पुस्तक वेळेवर आले तरी ते पुरते का, हे आकड्यात पाहण्यासारखे आहे. वर्ग १२० मुलांचा, प्रती ४, देवघेव सात दिवसांची. १५ आठवड्यांत ४ गुणिले १५, म्हणजे जास्तीत जास्त ६० वेळा पुस्तक बाहेर जाईल. निम्म्या वर्गाला सत्रात एकदा, एक आठवडा; उरलेल्या निम्म्याला एकदाही नाही. यावर आणखी प्रती घेणे एवढाच उपाय नाही. चारपैकी दोन प्रती घरी द्यायच्या नाहीत. त्या काउंटरमागे वेगळ्या ठेवून दोन-दोन तासांसाठी वाचनकक्षातच द्यायच्या. ग्रंथालय आठ तास उघडे असेल तर दिवसाला एका प्रतीच्या चार पाळ्या होतात. दोन प्रतींच्या आठ, सहा दिवसांच्या आठवड्यात ४८. तीन आठवड्यांत वर्गातल्या प्रत्येकाला एक पाळी मिळते आणि तरीही काही पाळ्या उरतात. कोहा या मोफत संगणकप्रणालीत अशा राखीव पुस्तकांची सोय आहे. पुस्तकाच्या नोंदीत अभ्यासक्रमाचा सांकेतांक टाकला की मुलगा ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत) तो सांकेतांक लिहून आपल्या विषयाची सगळी पुस्तके एका ठिकाणी पाहू शकतो. एका नोंदीला फार तर दोन मिनिटे लागतात. हे काम मे महिन्यात व्हायला हवे, ऑगस्टमध्ये नाही.

दुसरा उपाय वाचन-संचाचा. दोन श्रेयांकांच्या विषयाला पाच पुस्तकांतली पाच प्रकरणे लागतात, पाच पुस्तके लागत नाहीत. ती प्रकरणे एकत्र करून मुलांना द्यायला अनेक प्राध्यापक प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) भीतीने धजावत नाहीत. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही मुभा अशा संचांनाही लागू होते, असे म्हटले. याचा अर्थ अख्खे क्रमिक पुस्तक छापून विकावे असा नाही. शिकवायला लागेल तेवढाच भाग घ्यावा, प्रत्येक प्रकरणावर लेखक, ग्रंथ आणि पृष्ठे नोंदवावीत आणि संच ग्रंथालयाच्या नोंदीत ठेवावा.

आता ऑनलाइन विषयांकडे येऊ, कारण पुस्तकाची उणीव 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाने भरून निघेल असे हल्ली सर्रास सांगितले जाते. ती काही अंशी भरून निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात, आणि तिथे मिळवलेले श्रेयांक विद्यापीठाला नाकारता येत नाहीत. पण मुले फसतात ती बारीकसारीक तपशिलांत.

नावनोंदणी फुकट असते, परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी आणि सशुल्क. नुसती नावनोंदणी करून व्हिडिओ पाहणाऱ्याला श्रेयांक मिळत नाही, आणि परीक्षेच्या नोंदणीची मुदत हुकली की पुढच्या सत्रापर्यंत थांबण्याखेरीज इलाज नसतो. 'स्वयम्'वरच्या 'एनपीटीईएल'च्या (आयआयटी मंडळींनी चालवलेल्या उपक्रमाच्या) विषयांत साप्ताहिक गृहपाठाला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या विषयात सर्वोत्तम ८ गृहपाठ धरतात, आठ आठवड्यांच्या विषयात ६ आणि चार आठवड्यांच्या विषयात ३. उत्तीर्ण व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत ६० गुण मिळवूनही गृहपाठात ८ वर अडकलेला मुलगा नापासच होतो. गृहपाठ 'नंतर एकदम करू' म्हणून चालत नाही, दर आठवड्याची तारीख गेली की तो बंद होतो.

श्रेयांकांचा मेळ हा आणखी एक खाचखळगा. 'एनपीटीईएल'चा बारा आठवड्यांचा विषय सहसा ३ श्रेयांकांचा धरला जातो, आठ आठवड्यांचा २ आणि चार आठवड्यांचा १. विद्यापीठाचा पेपर मात्र ४ किंवा २ श्रेयांकांचा असतो. चाराच्या जागी तीन बसवले की एक श्रेयांक लटकतो आणि तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, पदवीचा अर्ज भरताना लक्षात येतो. त्यामुळे बारा आठवड्यांचा विषय चार आठवड्यांच्या विषयाला जोडून किंवा आठ आठवड्यांचे दोन विषय घेऊन बेरीज आधीच जुळवावी. कोणता ऑनलाइन विषय कोणत्या पेपरच्या जागी चालेल, याची यादी विद्यापीठाने सत्र सुरू होण्याआधी नावानिशी जाहीर करायला हवी. 'समकक्ष विषय चालेल' एवढ्या मोघम वाक्यावर मुलाने आपले सहा महिने कसे लावायचे? शिवाय या परीक्षांचे निकाल विद्यापीठाच्या वेळापत्रकाला बांधलेले नसतात. निकाल येईपर्यंत महाविद्यालयाची गुण भरण्याची मुदत संपलेली असते आणि गुणपत्रिकेवर 'गैरहजर' उमटते. अशा विषयांसाठी गुण भरण्याची वेगळी, उशिराची तारीख ठेवणे परीक्षा विभागाच्या हातात आहे. त्याला नव्या पैशाची गरज नाही.

श्रेयांक पेढीबद्दल, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात त्या खात्याबद्दल, थोडक्यात. तिचा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरवरून विद्यार्थ्याने काढायचा असतो, पण श्रेयांक त्यात विद्यापीठच जमा करते. मुलाने गुणपत्रिका चढवून उपयोग नाही. नाव जुळले नाही की सगळे तिथेच अडते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव. आधारवर क्रम वेगळा, कधी मधले नावच नाही, लग्नानंतर शिकायला परतलेल्या मुलींच्या आधारवर सासरचे आडनाव. हे प्रवेशाच्या दिवशीच तपासून घेतले तर सात मिनिटांचे काम आहे. तिसऱ्या वर्षी निघाले तर प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे.

केंद्राच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली. संशोधकांसाठी हे मोठेच काम झाले. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला इंग्रजी शोधनिबंध नको असतो, त्याला आपल्या भाषेतले स्वच्छ पाठ्यपुस्तक हवे असते. तेही पुष्कळ आहे, फक्त विखुरलेले. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार केली आहेत, आणि ती घरी बसून शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली असल्यामुळे एकेक पायरी सोडवून सांगतात. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पदवी स्तरावरची मराठी पुस्तके जुन्या महाविद्यालयांच्या फडताळांत आजही सापडतात, पाने पिवळी पडलेली, शेवटच्या देवघेवीचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा. त्यांतल्या गणिताच्या आणि तर्कशास्त्राच्या मूलभूत प्रकरणांना जुनेपणा आलेला नाही. ती स्कॅन करून राज्यातल्या सर्व विद्यापीठांना खुली करावीत.

माझी मागणी नेमकी आहे. कोणताही नवा विषय विद्वत् परिषदेपुढे ठेवताना त्याला एक पान जोडलेले असावे: पुस्तके कोणती, बाजारात उपलब्ध आहेत का, मराठीत काय आहे, वाचन-संच कोण करणार आणि पर्यायी ऑनलाइन विषय कोणता. ते पान नसेल तर विषय त्या वर्षी सुरू करू नये. आणि ही सगळी सामग्री ३१ मार्चपर्यंत संलग्न महाविद्यालयांना पोहोचावी, म्हणजे पुस्तकांचा आदेश एप्रिलमध्ये निघेल आणि जुलैच्या पहिल्या तासाला पुस्तक फडताळावर असेल.

आपली,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल, सांगली