लेबल वाचा म्हणता, पण ते दिसायला तर हवं

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला पाकिटावरचं लेबल वाचूनच खरेदी करा हा लेख काल वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखिकाबाईंचं चुकलंय असं अजिबात नाही, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पहिलं नाव मैद्याचं असलं की पुडा खाली ठेवा, सगळं पटलं. फक्त एकच विचारायचंय, बाई स्वतः किराणा दुकानात शेवटच्या कधी गेल्या होत्या?

आमच्या यांना बीपी आणि शुगर दोन्ही. डॉक्टर म्हणाले चहासोबत मल्टीग्रेन बिस्कीट चालेल, म्हणून गेले आणायला. पुडक्यावर पुढे गव्हाच्या ओंब्या, हिरवं पान, भरपूर फायबर वगैरे. मागे वळवलं तर घटकांच्या यादीवर नेमका दुकानदाराने किमतीचा स्टिकर चिकटवलेला! नखाने खरवडला तर अर्धी अक्षरं स्टिकरसोबत निघून आली. उरलं त्यात पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, पुढे ग्लुकोज सिरप, त्याच्याही पुढे इन्व्हर्ट सिरप, म्हणजे ही सगळी साखरेचीच भावंडं, वेगवेगळी लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि साखर कमी असल्यासारखी वाटते. ज्याच्या नावाने पुडा विकायला ठेवलाय ते मल्टीग्रेन पीठ पार शेवटी मिठाच्या शेजारी. तेवढ्यात मालक गल्ल्यावरून म्हणतो, "काकू, घ्यायचंय की अभ्यास करायचाय?" मागची रांग हसली. मी म्हटलं दोन्ही नाही, आणि पुडा तिथेच ठेवून आले.

आता तुमच्या लेखातली चौकट. सोडियमचे आकडे दिलेत, पण सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं हे एक वाक्य छापायला जागा नव्हती का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणून सांगितलंय. घरातल्या शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे झालं २ ग्रॅम मीठ. आणि एक सर्व्हिंग किती, तर ३० ग्रॅम! अहो ३० ग्रॅम शेव यांच्या मिसळीवर भुरभुरण्यातच संपते, वर परत वाटी पुढे येते ती वेगळीच. कंपनी हिशोब करणार ३० ग्रॅमचा आणि खाणारा खाणार पाकीट.

चिलीत म्हणे २०१६ पासून साखर, मीठ, फॅट जास्त असलं की पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन छापतात. ना गुणाकार ना चष्मा. आपल्याकडे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२२ मध्ये मसुदा काढला तो स्टार द्यायचा. हॉटेलला देतात तसे! शेवेला दोन स्टार मिळाले म्हणजे ती खावी की टाळावी? शेवटी सुप्रीम कोर्टाला एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या बाजूच्या लेबलचे नियम ठरवायला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. आणि नियम येईपर्यंत आम्ही काय करायचं तर लेबल वाचायचं. तेही इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियम पाळला गेला, मराठीत असायलाच हवं अशी सक्ती नाही. माझ्या सासूबाई रोज पेपर पहिल्या पानापासून वाचतात, त्यांनी त्या पुड्यावरचं 'इमल्सिफायर ३२२' कुणाला विचारायचं, दुकानदाराला?

तुम्हालाही थोडं बोलायचंय, राग मानू नका. हा लेख उलटला की मागच्या पानावर बिस्किटांचीच पानभर जाहिरात. धंदा आहे, समजतं. पण खाली पाककृतीच्या सदरात 'साखर दीड वाटी, मीठ चवीनुसार' हे तरी तुमच्याच हातात होतं ना? लेखिकाबाईंनी ५ ग्रॅम सांगायचं आणि सुगरणबाईंनी चवीनुसार, वाचकाने ऐकायचं कुणाचं?

आणि हो, गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर या रविवारी आलंच नाही. उभे शब्द, ७ नंबर. पाच चौकोनांत बसणारा शब्द घरात कुणालाच सापडत नाहीये, बहुतेक तुमचाच एक चौकोन चुकलाय. तेवढं छापा.

आपली,
एक वैतागलेली वाचक, नाशिक