त्रिरश्मीवर भेटलेल्या ताईंना

ताई, जय भीम.

तुमचं नाव ठाऊक नाही. पण हातात ब्राह्मी अक्षरांची झेरॉक्स घेऊन नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत (पांडवलेण्यांत) बसलेल्या तुम्ही, आणि परभणीहून आलेले, छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला लावलेले एक आजोबा, एवढ्या खुणेवर ओळख पटेल. ते माझे वडील, अण्णा.

आम्ही नाशिकला लग्नाला आलो होतो. दुसऱ्या दिवशी अण्णांनी हट्ट धरला, बुद्धाची मोठी मूर्ती बघायची. पायथ्याच्या स्मारकातल्या भव्य मूर्तीपुढे त्रिशरण म्हणून झालं, तरी त्यांचे डोळे वरच्या लेण्यांकडेच. गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नाहीत, असं आम्ही सगळेच एका सुरात सांगत होतो. तुम्ही मात्र थेट त्यांनाच विचारलंत, "बाबा, बसत बसत गेलं तर?" आणि स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून नेलंतही.

बाहेरच्या उन्हातून विसाव्या लेण्यात शिरल्यावर काहीच दिसेना. तुम्ही मोबाईलचा टॉर्च आधी खाली, कमळावर टेकलेल्या पावलांवर धरलात आणि सावकाश वर नेलात. दहा फुटांच्या आसपास उंचीची, बसलेली मूर्ती. "केवढे गुडघे हो!" अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केलेलं हे लेणं पुढे एका सेनापतीच्या बायकोने, वासूने, पुरं केलं, हे तुमच्याकडूनच कळलं. सुरुवातीच्या काळात इथे मूर्ती नव्हत्याच, अठराव्या लेण्यातल्यासारखा स्तूपच पुजायचे, मूर्ती काही शतकांनी आल्या, हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते.

पण खरे आभार दहाव्या लेण्यासाठी. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख तुम्ही बोटाने हवेत ओळी दाखवत वाचलात. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, नुसतं व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना 2000 च्या व्याजातून चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण.

अण्णांची सगळी नोकरी पतसंस्थेत गेली. त्यांनी तिथेच बोटांवर हिशेब केला: साल 12 टक्के, म्हणजे 240, भागिले 20, बरोबर 12. "हिशेब चोख आहे!" असं ते इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेर सेल्फी काढणारी पोरं आत डोकावली. तुम्ही हसून वही पुढे केलीत आणि ते आकडे त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलेत. "हे मी कधी मांडूनच बघितलं नव्हतं," म्हणालात. निवृत्तीनंतर अण्णांचं गणित कुणी असं लिहून घेतलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

आता घरी आलं-गेलं कुणीही असो, चहाआधी उषवदाताची ठेव सांगितली जाते. आई वैतागली आहे.

एक राहिलं. दुसऱ्या ठेवीचं व्याज वर्षाला 90 होतं. ते वीस जणांत वाटलं तर साडेचार येतात, मग वरचा अर्धा कसा देत असतील, असा अण्णांचा प्रश्न आहे. हे वाचलंत तर उत्तर द्या, आणि परभणीकडे आलात तर जेवायलाच या.