टीप कुणाच्या कानात?

लंडन, ६ नोव्हेंबर

ती. काका,
सा. न.

परवा फोनवर मी म्हणाले, "बँकेत टिप-ऑफ केलं तर आत जावं लागतं," आणि तुम्ही एकदम गप्प झालात. तुमची उभी नोकरी खबऱ्यांच्या भरवशावर गेली. खबर देणाऱ्यालाच तुरुंग, हे कुठलं उफराटं राज्य, असं वाटलं असणार.

टिप-ऑफ म्हणजे तुमची पोलिसांतली टीपच. (शिलाईची नव्हे, काकूला सांगा.) आतली गोष्ट हळूच कुणाच्या कानावर घालायची आणि आपलं नाव पुढे येऊ द्यायचं नाही. 'उद्या साहेब लवकर येणारेत हं' हे मात्र नुसतं हेड्स-अप, त्यात चोरून सांगण्यासारखं काही नसतं.

आपण पोलिसांना दिली तर खबर म्हणतो, चोराला दिली तर फितुरी. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. एखाद्या खात्यातल्या पैशांचा संशय आला की बँक नॅशनल क्राइम एजन्सीला कळवते. मग खातेदार काउंटरवर येऊन "पैसे का अडकलेत?" म्हणून कितीही विचारो, त्याला कळवल्याचं सांगायचं नाही. सांगितलं की झालं टिप-ऑफ, २००२ च्या कायद्याखाली २ वर्षांपर्यंत कैद. समोर एखादी म्हातारी काकुळतीला आलेली असली की जीभ आवरणं फार जड जातं हो.

काल इथे फटाके होते, गाय फॉक्सचे. १६०५ साली त्याचा आणि साथीदारांचा ३६ पिंपं बंदुकीची दारू ठेवून पार्लमेंट उडवायचा कट होता. १० दिवस आधी लॉर्ड माँटीगलच्या घरी बिननावाची चिठ्ठी आली: अधिवेशनाला जाऊ नका. त्याने ती थेट दरबारात पोचवली. लिहिणारा कोण, ते आजतागायत ठरलेलं नाही. चिठ्ठी मात्र इथे लंडनच्या क्यू भागातल्या अभिलेखागारात जपून ठेवलीय. आणि खरी मजा पुढेच आहे. माँटीगलच्याच एका नोकराने कटवाल्यांना कळवलं, की चिठ्ठी फुटली! म्हणजे एकाच घरातून दोन्हीकडे टीप. तरी ते पठ्ठे मागे हटले नाहीत, आणि फॉक्स दारूपाशीच सापडला.

तुम्हाला कधी असा दोन्हीकडचा खबऱ्या भेटला होता का? पुढच्या फोनवर सांगा. नाव नका सांगू, तुम्ही सांगणारही नाही म्हणा.

काकूला नमस्कार. चकल्या पोचल्या, निम्म्याच मोडल्या होत्या.

तुमची,
मनू