चावी माझ्या हातात दिल्याबद्दल

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले आणि तुमच्या शेडवर पाटीही नाही. रस्त्याच्या कडेला टांगलेल्या जुन्या टायरवर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’ एवढेच लिहिलेले आहे. म्हणून हे पत्र असे उघड लिहीत आहे. तुमच्या हाताखालचा मुलगा रात्री मोबाइलवरचे काहीबाही वाचून दाखवतो, असे तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. त्याच्या नजरेस हे पडेल, अशी आशा आहे. ओळख पटावी म्हणून सांगते, जुलैमध्ये भर पावसात आंबा घाट उतरून आलेली, साखरप्याच्या अलीकडून उंच गाडी ढकलत तुमच्यापर्यंत पोहोचलेली आणि हेल्मेटच्या आत जवळजवळ रडकुंडीला आलेली बाई म्हणजे मी.

ही गाडी मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर, स्वतःच्या पगारातून घेतली. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स बाजारात आल्यापासून माझ्यासारख्या नोकरदार माणसालाही ॲडव्हेंचर बाईकचा विचार करता येऊ लागला. माझी गाडी त्याच जातकुळीतली आहे. ती कोणत्या कंपनीची हे लिहीत नाही, कारण या हकिकतीत दोष गाडी बनवणाऱ्यांचा नाहीच. पुढे २१ इंची तारांचे चाक, इंजिनाखाली वीतभराहून जास्त मोकळी जागा आणि खड्डा गिळून टाकणारे लांब शॉकअप, एवढे मला हवे होते. सांगलीहून देवरुखला माहेरी जायचे, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर, आणि त्यातला पावसाळ्यातला निम्मा रस्ता पाहिला, तर ॲडव्हेंचर हा शब्द शोधायला लडाखपर्यंत जावे लागत नाही. एकच अडचण होती. सीटची उंची सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास आणि माझी पाच फूट दोन इंच. त्यामुळे साइड स्टँड लावलेला असतानाच डावा पाय फूटरेस्टवर देऊन, घोड्यावर चढावे तशी मी गाडीवर चढते आणि मग स्टँड उचलते. ही सवय मी कोणालाही सांगण्याजोगी मानली नव्हती.

मार्चपासून गाडी चालता चालता मध्येच बंद पडू लागली. खड्ड्यातून गेली की इंजिन एकदम मरायचे आणि न्यूट्रल करून बटण दाबले की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायचे. मी गाडी सर्व्हिस सेंटरला तीन वेळा दिली. ते कोणते आणि कुठले, हे लिहिण्यात मला रस नाही, तिथल्या माणसांना ते आपोआप कळेल. पहिल्या खेपेस मी सांगितले, ‘खड्ड्यातून गेल्यावर चालती गाडी बंद पडते.’ जॉब कार्डवर लिहिले गेले, ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’. गाडी सुरू होण्यात काहीच अडचण नव्हती, हे मी दोनदा म्हटले. लिहिणाऱ्या तरुणाने मान डोलावली आणि अक्षर तसेच ठेवले. त्या वेळी प्लग बदलला. दुसऱ्या खेपेस इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ झाली आणि हल्लीच्या एथेनॉलच्या पेट्रोलने पाणी धरले असेल, असे ज्ञानही मिळाले. दर वेळी कोणी तरी माझ्या हातातली चावी काढून घ्यायचा, ‘ट्रायल मारून येतो’ म्हणून समोरच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारायचा आणि परत येऊन सांगायचा, ‘गाडी एकदम ओके आहे, मॅडम.’ तिसऱ्या खेपेस ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बदलावा लागेल असे सांगून, तो आकडा ऐकून माझा चेहरा उतरल्यावर, त्यांनी सुचवले की पुढच्या वेळी सरांना सोबत आणा, म्हणजे त्यांना नीट समजावून सांगता येईल. माझ्या नवऱ्याला गिअरची गाडी येत नाही. हे मी तिथे सांगितले नाही, त्याची खंत अजून आहे.

हे सारे डोक्यात घेऊनच मी त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये शिरले. घाटात गाडी पाच वेळा बंद पडली होती, त्यातली एकदा नेमकी वळणावर, मागून येणारा ट्रक दिसत असताना. तुम्ही एका मोपेडच्या चाकाला ठिगळ लावत होता. मी धाप लागलेल्या आवाजात सांगू लागले आणि सवयीने वाक्य अर्ध्यावर आवरते घेतले, कारण पुढचे कोणी ऐकत नाही, हा चार महिन्यांचा अनुभव होता. तुम्ही हातातले काम खाली ठेवलेत आणि म्हणालात, ‘पुढे सांगा.’ मग तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. न्यूट्रलमध्ये उभी असताना कधी बंद पडली का? आणि बंद पडली की दिवे जातात, की फक्त इंजिन जाते? न्यूट्रलमध्ये एकदाही नाही आणि दिवे कधीच गेले नाहीत, असे मी सांगितल्यावर तुम्ही गाडीला हातही न लावता म्हणालात, ‘तुम्ही गाडीवर कशा बसता ते जरा करून दाखवा.’

मी चढले. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, तुमची नजर स्टँडवर होती. मग तुम्ही वाकून स्टँड हाताने हलवलात आणि तो बोल्टाभोवती चांगला खुळखुळला. एवढेच होते ते! माझे सगळे वजन रोज त्या एका स्टँडवर पडून त्याचा बोल्ट सैल झालेला. त्यात लाल चिखल बसलेला. गाडी आदळली की उचललेला स्टँड तसूभर खाली सरकायचा, तिथल्या सेन्सरला तो लावलेला आहे असे वाटायचे आणि गिअरमधले इंजिन तो इमानेइतबारे बंद करायचा. न्यूट्रलमध्ये त्याला हरकत नसते, म्हणून तिथे कधी बंद पडली नाही. सपाट रस्त्यावरच्या ट्रायलमध्ये हे दिसणार तरी कसे?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. सर्व्हिस सेंटरमधल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या खेपेस हसत हसत म्हटले होते की गाडीत काही नाही, चालवणाऱ्यात असेल. काटेकोरपणे पाहिले तर ते अगदीच चूक नव्हते. खोड माझ्या चढण्यातच होती. फरक एवढाच की त्यांनी ते न पाहता म्हटले आणि तुम्ही पाहिलेत, पण म्हटले नाहीत. ‘पाय पुरत नसेल तर असेच चढायला लागते, त्याला काय करणार,’ असे म्हणून तुम्ही वायसर शोधायला डबा उघडलात.

तो सेन्सर काढून वायर डायरेक्ट जोडली तर कटकट कायमची मिटेल, असे तुमच्या हाताखालच्या मुलाने सुचवल्यावर तुम्ही त्याला जे सांगितलेत, तेही मी विसरलेले नाही. स्टँड न उचलताच गाडी निघाली आणि डाव्या वळणावर तो जमिनीला घासला, तर माणूस सरळ दरीत जाईल. दोन मिनिटे वाचवायला आपण कोणाच्या जिवाशी खेळायचे नाही. गिऱ्हाइकाने निघून जावे आणि पुन्हा येऊ नये, अशा हमरस्त्यावरच्या धंद्यात बसलेला माणूस हे बोलत होता, आणि तेही माझ्यावर छाप पाडण्यासाठी नव्हे, तर मुलाला काम शिकवताना. सचोटी म्हणतात ती हीच असावी. तिच्यासाठी वातानुकूलित प्रतीक्षागृह लागत नाही, हे मात्र त्या दिवशी पक्के कळले.

पण पत्र लिहायला मी बसले आहे ते याहूनही लहान गोष्टीसाठी. बोल्ट आवळून, चिखल धुऊन, ग्रीस लावून झाल्यावर तुम्ही हात पुसलेत, मडगार्डवर ठेवलेली चावी उचललीत आणि मी सवयीने बाजूला सरकले, कारण आता तुम्ही ट्रायल मारणार, असे मी गृहीत धरले होते. तुम्ही चावी माझ्यापुढे धरलीत. ‘तुम्हीच बघून या. रोज तुम्ही चालवता, तुम्हालाच कळेल.’ समोरच्या चांगल्या रस्त्याने नको, शेडमागच्या जांभ्या दगडांच्या वाटेने जा, असेही सांगितलेत. मी गेले, दगडांवरून मुद्दाम आदळत गेले आणि आले. इंजिन एकदाही चुकले नाही. परत येऊन ‘बरी वाटते’ म्हटल्यावर तुम्ही माझ्या शब्दावर काम संपवलेत, स्वतः चक्कर मारून खात्री करून घेतली नाहीत. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या गाडीविषयीचे माझे म्हणणे कोणी तरी पुरावा म्हणून धरले होते. वायसरचे दहा आणि मजुरीचे पन्नास असे साठ रुपये तुम्ही घेतलेत आणि वर काही घ्यायला तयार झाला नाहीत. त्या साठ रुपयांत तुम्ही मला आणखी काय दिलेत, याचा हिशेब मी देवरुखपर्यंत करत गेले आणि दोनदा काच वर करून डोळे पुसले. पाऊस होताच, त्यामुळे कोणाला कळले नसावे.

तुम्ही सुचवल्याप्रमाणे मी आता घराजवळच्या फुटपाथच्या कठड्याला गाडी लावून चढते आणि दर पंधरवड्याला तो बोल्ट स्वतः पाना लावून पाहते. गाडी ऑगस्टभर एकदाही बंद पडलेली नाही.

गणपतीला माहेरी येताना तुमच्याकडे थांबणार आहे. हँडल सरळ धरून पुढचा ब्रेक दाबला की हल्ली हाताला एक बारीक ‘कट’ असा झटका लागतो आणि माझ्या मते कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल झाला आहे. या वेळी निदान मी करून आणत आहे. चुकीचे असेल तर खुशाल सांगा, पण आधी गाडीवर बसून बघा.

तुमची ऋणी,
सांगलीची उंच गाडीवाली