औषधांचं वेळापत्रक जुळवणाऱ्या फार्मासिस्ट ताईंना

पुणे

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या फाइलवर सर्जनचं नाव असतं, ऑन्कॉलॉजिस्टचं असतं. क्लिनिकल फार्मासिस्टचं नसतं. म्हणून हे आभार सगळ्यांच्या समोर मानायचे ठरवले. टार्गेटेड, म्हणजे गाठीतल्या नेमक्या बिघाडावर नेम धरणाऱ्या औषधांची जोडी शोधनिबंधात जुळते, पण ती रुग्णाच्या पोटात जुळवावी लागते, आणि ते काम तुम्ही करता.

मुळात जोडी का लागते, हे नातेवाइकांना फळ्यावर बाण काढून समजावता तेही तुम्हीच. या आजारात 90 टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये के-रास जनुक बिघडलेलं असतं आणि वाढीचा आदेश रॅफ, मेक, अर्क या प्रथिनांच्या साखळीतून अखंड खाली उतरत राहतो. मेक अडवणारं ट्रॅमेटिनिब एकटंच दिलं की अर्क थंडावतं. पण पेशीच्या पृष्ठभागावर आदेश झेलणाऱ्या ईजीएफआरसारख्या रिसेप्टरांवर एरवी वचक ठेवणारंही अर्कच. तो वचक सुटला की आदेश पुन्हा वरूनच सुरू होतो. शिवाय कोंडीत सापडलेली पेशी स्वतःचेच घटक पचवून तग धरते. 2019 साली हे दाखवलं गेलं आणि ट्रॅमेटिनिबसोबत हे पचवणं अडवणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन पाहण्याचा विचार तिथूनच पुढे आला.

तुम्ही आकडे कधी फुगवून सांगितले नाहीत. जेमसिटाबीन या केमोथेरपीच्या जोडीला ईजीएफआर अडवणारी एर्लोटिनिबची गोळी दिल्यावर मध्यक आयुर्मान 5.91 महिन्यांवरून 6.24 महिन्यांवर गेलं, म्हणजे साधारण दहा दिवस. हा 2007 चा निकाल आहे. गोळ्यांचा खर्च आणि अंगावरचं पुरळ यांच्या शेजारी ठेवूनच तुम्ही तो आकडा सांगता. 2025 च्या अखेरीस माद्रिदच्या संशोधकांनी रास अडवणारं डॅराक्सॉनरॅसिब, ईजीएफआर अडवणारं अफॅटिनिब आणि स्टॅट-3 प्रथिन नष्ट करणारं एसडी-36 अशी तीन औषधं एकत्र देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. उंदरांमधल्या गाठी विरल्या आणि 200 दिवसांहून अधिक काळ परतल्या नाहीत. काम खरोखर मोठं आहे. व्हॉट्सअॅपवर मात्र ‘कॅन्सर बरा झाला’ एवढंच फिरलं. तो मेसेज घेऊन आलेल्या प्रत्येकाला तुम्ही बसवून घेतलंत, हे उंदरांवरचं आहे असं स्पष्ट सांगितलंत आणि लगेच विचारलंत, “पेशंटची जनुक तपासणी झाली आहे का?” त्या घडीला याहून उपयोगी प्रश्न दुसरा नाही. बीआरसीए, के-रास जी12सी, ब्राफ व्ही600ई, एनटीआरके, एमएसआय या जनुकीय बदलांतलं काही सापडण्याची शक्यता कमी असते, पण सापडलं तर आज हाताशी औषध असतं.

ब्राफ व्ही600ई असलेल्या रुग्णासाठी तुम्ही आखता तो दिवस इथे मुद्दाम देतो. ब्राफ अडवणारं डॅब्राफेनिब 150 मिलिग्रॅम दोन वेळा, ट्रॅमेटिनिब 2 मिलिग्रॅम एकदा, आणि दोन्ही जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर. स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडतात म्हणून दिलेली एन्झाइमची कॅप्सूल मात्र जेवणाच्या घासांसोबतच. मग सकाळी 7 ला दोन्ही गोळ्या, 8 ला नाश्ता आणि कॅप्सूल, संध्याकाळी 7 ला पुन्हा डॅब्राफेनिब, 8 ला जेवण. बिघडतं कुठे, तर सहाच्या चहा-बिस्किटापाशी. म्हणून तो चहा पाचच्या आत, असं तुम्ही तक्त्यातच लिहून देता. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे गार, किंचित आंबट फळाच्या गरात द्यायचे. गरम वरण-भातात किंवा दुधात घातले तर वरचं आवरण आधीच विरतं, एन्झाइम वाया जातं, आणि दोष मात्र कॅन्सरच्या औषधाला लागतो.

जुलाबांचंही तसंच. तेलकट, तरंगणारी, उग्र वासाची शौच असेल तर एन्झाइम कमी पडतंय. पाण्यासारखी पातळ असेल तर अफॅटिनिब, एर्लोटिनिबसारख्या गोळीवर संशय घ्यायचा. उपाय वेगळे आहेत, आणि फोनवर हा एवढा प्रश्न नीट विचारणारं माणूस असलं की रुग्णाची एक फेरी वाचते.

अॅसिडिटीच्या गोळीवर तर तुमची नजर घारीची. या रुग्णांपैकी अनेक जण सकाळी पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेतात, आणि ती गोळी ‘औषध’ म्हणून कुणी सांगतही नाही. पण एर्लोटिनिब विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. ओमेप्रॅझोलसोबत त्याचं शोषण जवळजवळ निम्म्यावर येतं. के-रास जी12सीवरच्या सोटोरॅसिबलाही हेच लागू. तिथे साधं अँटासिड घ्यायचंच झालं तर सोटोरॅसिब त्याच्या 4 तास आधी किंवा 10 तास नंतर. आणि गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारं पपनस! बीआरसीएवरचं ओलापॅरिब घेणाऱ्यांना ते टाळायला सांगता, कारण ग्रेपफ्रूटच्या या भाऊबंदामुळेही औषध रक्तात साठू शकतं.

सर्वांत जास्त ऋण तापाबद्दल आहे. डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबने अनेकांना ताप येतो. 38 अंश सेल्सिअसला दोन्ही थांबवायची, आणि 24 तास ताप व लक्षणं नसली की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू. पण पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी, म्हणजे स्टेंट असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पावसाळ्यात सगळं घर डेंग्यूची तपासणी करण्यात दोन दिवस घालवतं, आणि हा संसर्ग तेवढा अवधी देत नाही. तुमच्या तक्त्यात ही ओळ लाल शाईत आहे, ती तशीच राहू द्या.

ट्रॅमेटिनिब 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, मूळ बाटलीत, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट. सदाशिव पेठेतून घेऊन स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला जाणाऱ्यांना थंड पेटी भरून देता, आणि बाटली बर्फाला चिकटू नये म्हणून मध्ये घडी घातलेला पंचा ठेवता. औषध सुरू करण्याआधी हृदयाची टूडी इको आणि डोळ्यांची तपासणी, महिन्याभराने पुन्हा इको, ही तारीखही तुम्हीच कॅलेंडरवर टाकता.

तुमचा तक्ता आम्ही मोठ्या अक्षरात छापून घेत आहोत, म्हणजे आजी-आजोबांनाही चष्म्याशिवाय वाचता येईल. वेळांच्या रकान्यात काही बदलायचं असेल तर छपाईआधी कळवा.

मनःपूर्वक आभार.

आपले,
स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक, पुणे