बारावीच्या खेळाडूला एकाच सामन्याचा हंगाम?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर गावोगावी ब्राझील, अर्जेंटिना आणि पोर्तुगालचे झेंडे चढले आहेत आणि आपल्या क्रीडा पानावरही रोज तोच विषय आहे. या धामधुमीत एका अगदी लहान हंगामाविषयी लिहायचे होते. माझा मुलगा डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात बारावीत शिकतो. तो शाळेच्या संघात डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळतो, आणि शाळेच्या गणवेशातले त्याचे हे शेवटचे वर्ष आहे. हंगाम हा शब्द मी केवळ सवयीने वापरते, कारण गेल्या वर्षी अकरावीत असताना त्याचा सगळा हंगाम एका सामन्यात, म्हणजे पन्नास मिनिटांत आणि टायब्रेकरच्या आठ फटक्यांत संपला होता.

तो सामना मी छत्री धरून पाहिला होता. जुलैचा पाऊस रात्रभर कोसळला होता आणि एका गोलपुढच्या भागात घोट्याएवढे पाणी साचले होते. पूर्वार्धात माझ्या मुलाने नेहमीच्या सवयीने गोलरक्षकाकडे चेंडू मागे दिला. चेंडू पाण्यात थबकला, आणि समोरच्या मुलाने धावत येऊन तो जाळ्यात मारला. उत्तरार्धात आमच्या शाळेने बरोबरी साधली. टायब्रेकरमध्ये पाचवा फटका माझ्या मुलाने मारायचा ठरले होते, पण चौथ्या फटक्यानंतरच आम्ही ४-२ असे हरलो होतो. त्याची पाळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात या निकालाला दोन ओळी मिळाल्या होत्या. ते कात्रण त्याच्या कंपासपेटीत आहे, हे मला परवा पेन शोधताना कळले.

तेव्हापासून हा मुलगा पुढच्या जुलैची वाट पाहत आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याने त्या महिन्यावर पेन्सिलीने नुसते एक वर्तुळ काढले आहे, कारण तारीख अजून कोणालाच ठाऊक नाही. सकाळी साडेपाचला तो घरामागच्या गडग्यावर डाव्या पायाने चेंडू मारतो. दगडांवर चिखलाचे गोल ठसे उमटतात, आणि सुरुवातीला सगळ्या गडग्यावर विखुरलेले ते ठसे आता एका खिडकीएवढ्या जागेत येऊ लागले आहेत. ओले बूट वाळवण्यासाठी त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे लागतात. आपल्या दैनिकाचा हा उपयोग सांगताना संकोच वाटतो, पण पावसाळ्यात दुसरा उपाय नाही. मागच्या सामन्यातल्या त्या पासबद्दल तो घरात एक शब्द बोललेला नाही. "आई, पाणी साचले असले की चेंडू मागे द्यायचा नाही, उचलून बाहेर काढायचा," एवढेच मध्यंतरी जेवताना, कोणी विचारलेले नसताना म्हणाला.

आता मुख्य मुद्दा. बारावीचे वर्ग हल्ली एप्रिलमध्येच सुरू होतात. एप्रिलमधल्या पालकसभेत आम्हाला एक छापील कागद देण्यात आला. पहिल्या घटक चाचणीनंतर बारावीच्या विद्यार्थ्याने कोणत्याही खेळाच्या सरावाला थांबू नये, यास पालकांची संमती आहे, असा त्यावर मजकूर होता. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इतर शाळांतल्या पालकांकडूनही असेच अनुभव ऐकले आहेत, आणि आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेचा हेतू वाईट नव्हता, हेही मला मान्य आहे. त्या कागदावर मी सही केली. मुलाला न विचारता केली. माझे यजमान खाणीवर ट्रक चालवीत असत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभा राहिलेला ट्रक आणि बँकेचे हप्ते आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे 'आधी गुण, मग बाकीचे' हे वाक्य आमच्या घरात वेगळे पटवून द्यावे लागत नाही. पण सही करून बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आले की चाचणीनंतरचा सराव मी रद्द केला होता, आणि सरावाशिवाय पुढचे सामने कोणत्या पायांनी खेळायचे, हा प्रश्न त्या कागदावर कोठेच नव्हता.

यात वयाचीही एक अडचण आहे, जी पुष्कळ पालकांना माहीत नसते. शालेय फुटबॉलमध्ये सर्वांत मानाची समजली जाणारी, १९६० पासून चालत आलेली सुब्रोतो करंडक स्पर्धा मोठ्या मुलांसाठी सतरा वर्षांखालील गटात होते. माझ्या मुलाला फेब्रुवारीत सतरा पूर्ण झाली, म्हणजे ते दार बंद झाले. बारावीतल्या बहुतेक मुलांची हीच स्थिती असते. त्यांच्यासाठी शालेय क्रीडा स्पर्धांतला एकोणीस वर्षांखालील गट तेवढा उरतो, आणि आमच्या तालुक्यात तोही बाद पद्धतीने खेळवला जातो. हरलात की बूट धुऊन ठेवा.

साखळी गावात राहणाऱ्या बाईने साखळी पद्धतीची, म्हणजे गटातल्या प्रत्येक संघाशी एक सामना, अशी मागणी करावी, यावर आमच्या घरात थट्टा झाली आहे. तरीही हिशेब मांडते. आठ शाळा बाद पद्धतीने खेळल्या तर एकूण सात सामने होतात आणि चार शाळा पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. त्याच आठ शाळांचे चार-चारचे दोन गट केले तर गटांत मिळून बारा, उपांत्य फेरीचे दोन आणि अंतिम एक, असे पंधरा सामने होतात. म्हणजे आठ सामने जास्त, आणि प्रत्येक मुलाला निदान तीन. एका दिवशी एका मैदानावर दोन सामने घेतले तर हे चार दिवसांचे जादा काम आहे. पंचांचे मानधन आणि मुलांची ने-आण यांचा खर्च वाढेल, हे मी नाकारत नाही. पण ज्या विश्वचषकासाठी आपण झेंडे लावले आहेत, तिथेदेखील ४८ संघांचे बारा गट आहेत, आणि जेमतेम दीड लाख वस्तीच्या कुरासावलाही तीन सामने हक्काने मिळतात. आमच्या तालुक्यातल्या शाळेला एकच.

दुसरी सूचना वेळेविषयी आहे. पावसात फुटबॉल खेळू नये, असे गोव्यात कोणी म्हणणार नाही, आणि चिखलात खेळण्याची मजा मुलांकडून काढून घ्यावी, असे मलाही वाटत नाही. मात्र सगळा हंगाम त्या एकाच महिन्यावर टांगलेला नसावा. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी आटोपली की जिथे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची दुसरी भातशेती होत नाही, तिथल्या कोरड्या शेतांत बांबूचे गोलखांब उभे राहतात आणि संध्याकाळी सगळा गाव बांधावर बसतो. बारावीच्या मुलांसाठी शेजारच्या चार शाळांनी मिळून नोव्हेंबरमध्ये शनिवार-रविवारी सहा सामने घेतले, तर त्यासाठी ना स्टेडियम लागेल, ना दिव्यांचे झोत. डिसेंबरपासून मुले पूर्वपरीक्षेला मोकळी. यावर 'क्रीडागुण मिळणार का?' हा प्रश्न पालक विचारतील. मिळाले तर चांगलेच, पण खेळाची किंमत फक्त बोर्डाच्या गुणपत्रिकेत शोधण्याची आपली खोड मला आता खटकू लागली आहे.

माझा मुलगा व्यावसायिक फुटबॉलपटू होणार नाही, हे त्याला आणि आम्हाला कळते. एके काळी साळगावकर, धेंपो, सेझा यांसारख्या संघांतून खेळ आणि उपजीविका यांची सांगड बसत असे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक त्याच काळात भारताचा कर्णधार झाला. १९८३ मध्ये बंगालसोबत संयुक्तपणे आणि पुढच्याच वर्षी एकट्याने गोव्याने राज्यांच्या संघांमधला संतोष करंडक जिंकला, तो आनंद आमच्या वडिलांच्या पिढीने रेडिओला कान लावून भोगला. पुढे २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले, आणि २०२५ च्या जुलैत तर इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही देशातली अव्वल स्पर्धाच बेमुदत लांबणीवर पडली. वरच्या पायऱ्या अशा डळमळीत झाल्या असताना बहुसंख्य मुलांसाठी शाळेचा संघ हाच त्यांचा पहिला आणि अखेरचा संघ असतो. तसे पाहिले तर गोव्यात फुटबॉल रुजले तेही शाळेतूनच. १८८३ मध्ये शिवोलीला आलेले आयरिश धर्मगुरू फादर विल्यम लायन्स यांनी तो खेळ विद्यार्थ्यांना शिकवला, असा इतिहास आहे. २०१२ मध्ये राज्यक्रीडेचा दर्जा मिळालेला हा खेळ बारावीच्या वर्गात शिरताना मात्र दाराबाहेर चपला काढल्यासारखा काढून ठेवावा लागतो.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना, १० ऑक्टोबर २०१७ रोजी, त्याच्या बाबांनी त्याला सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा सामना पाहायला फातोर्ड्याला नेले होते. इराणने जर्मनीला ४-० असे हरवले. परतताना तो गाडीत झोपला नाही. जर्मनीची मुले आता घरी जाणार का, हे तो पुन्हापुन्हा विचारत होता, आणि त्यांचा अजून एक सामना आहे, हे बाबांनी सांगितल्यावरच त्याचे समाधान झाले.

येत्या सोमवारी मी शाळेत जाऊन सही केलेला तो कागद परत मागणार आहे. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर पाऊण तास आणि तोही नोव्हेंबरअखेरपर्यंत, एवढीच सवलत मागायची आहे, आणि त्या बदल्यात घटक चाचणीत गुण घसरले तर सराव मी स्वतः थांबवीन, असे लिहून देणार आहे. संघातल्या आणखी दोन मुलांच्या आयांनी सोबत येण्याचे कबूल केले आहे. मुलाला यातले काही सांगितलेले नाही. हे पत्र छापून आले तर त्याला ते बुटात कोंबण्यापूर्वी दिसेल.

आपली,
बारावीतल्या एका खेळाडूची आई,
साखळी, गोवा