जुनी रीलं चिंचेने घासू नका

महोदय,

फ्लाय फिशिंगचं, म्हणजे माशीसारखं नकली आमिष लावून केलेल्या मासेमारीचं, जुनं रील (गळाचा दोर गुंडाळायचं चाक) हाती आलं की बहुतेकांचा पहिला उद्योग म्हणजे चिंच-मिठाने ते लख्ख करणं. किंमत तिथेच उतरते. इंग्लंडमधल्या अ‍ॅलनिकच्या हार्डी कंपनीचं १८९१ पासूनचं ‘परफेक्ट’ हे रील उदाहरण म्हणून घ्या. त्याच्या पितळेवर मुद्दाम चढवलेली तपकिरी झिलई असते, मिश्रधातूच्या रीलांवर शिशासारखा करडा थर. तो गेला की गेला. मऊ कापड आणि थेंबभर पातळ तेल पुरे.

विकत घेताना चकाकी नव्हे, कान वापरावेत. या रीलांत आजच्यासारखा डिस्क ब्रेक नसतो. दातेरी चाकावर स्प्रिंगने दाबलेला त्रिकोणी खटका, एवढाच कारभार. मासा रोखणं हे त्याचं मुख्य काम नाहीच. मासा ओढ घेऊन अचानक थांबल्यावर स्पूल (दोर गुंडाळलेली फिरकी) गरगरत राहू नये, दोराचा गुंता होऊ नये, यासाठी तो असतो. बाकीचा ताण बोटांनीच द्यायचा. स्पूल दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा आणि खटक्याची टकटक ऐका. मध्येच आवाज चुकला तर दाता किंवा खटक्याचं टोक झिजलंय. आवाजच नसेल तर स्प्रिंग तुटली असेल, पण बऱ्याचदा जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट होऊन खटका अडकलेला असतो. रॉकेलने ते धुऊन काढा, म्हणजे रील पुन्हा बोलू लागतं. ‘परफेक्ट’ उघडताना खाली कापड अंथरा, बेअरिंगचे छर्रे निसटतात.

दोर जिथून बाहेर पडतो तिथे अकीकाची कडी असेल तर कापसाचा बोळा आतून फिरवा. तंतू अडकले तर तडा आहे आणि तो दोर कापणार. स्पूल फिरताना चौकटीला घासत असेल तर रील कधीतरी पडलंय. हातोडीने कड सरळ करायला जाऊ नका. रॉडवर बसवायची पट्टी कानशीने घासलेली आढळली तर भाव पाडून मागा.

मापाबाबत एक फसगत होते. ही रीलं रेशमी दोरासाठी बनली होती. आजचा प्लास्टिकच्या लेपाचा तरंगता दोर त्याहून जाड, म्हणून मागचा आधारदोर (मुख्य दोराच्या आधी स्पूलवर गुंडाळायचा बारीक दोर) कमी भरावा आणि काठाशी चारपाच मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. आणि कोकणच्या खाऱ्या पाण्यात ही रीलं नेऊच नयेत. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी धरते, मग स्क्रू निघता निघत नाही.

– एक गळप्रेमी वाचक, पुणे